सबस्क्रिप्शन बंद, घरचा संग्रह सुरू : गाण्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाण्यांच्या अ‍ॅपचे पैसे भरणं थांबवून मी घरचा संग्रह लावायला घेतला, तेव्हापासून नातेवाईक, शेजारी आणि ऑफिसातली मंडळी तेच ते प्रश्न विचारतात. म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतोय. क्रम मला प्रश्न ज्या क्रमानं आठवले तसा आहे.

महिन्याला शंभर-दीडशे रुपये तर जातात. त्यासाठी एवढा खटाटोप?

पैशांसाठी करणार असाल तर करूच नका. स्पॉटिफाय भारतात फेब्रुवारी २०१९ मध्ये आलं तेव्हा महिन्याचे ११९ रुपये होते, म्हणजे वर्षाचे १,४२८. एक चांगली हार्डडिस्क, सीडी ड्राइव्ह आणि तुमचे रविवार धरले तर अ‍ॅपच स्वस्त पडतं.

माझं कारण वेगळं आहे. अ‍ॅपवरची गाणी न सांगता निघून जातात. स्पॉटिफाय सुरू होऊन दोन महिने होतात न होतात तोच, एप्रिल २०१९ मध्ये, सारेगामाची गाणी तिथून उतरली. सारेगामा म्हणजे जुनी एचएमव्ही. मराठी माणसासाठी याचा अर्थ भावगीतं, नाट्यगीतं आणि जुन्या चित्रपटगीतांचं अर्धं कपाट एका दिवसात रिकामं. पुढच्या वर्षी ती परत आली. मार्च २०२३ मध्ये झी म्युझिकची गाणी अशीच गेली आणि नंतर परतली. कंपन्यांचे करार मोडतात, पुन्हा जुळतात, त्यात कुणाला दोष द्यायचं कारण नाही. पण यादीतलं गाणं करडं होऊन पडतं तेव्हा ते कुणाचं होतं हे कळतं.

कधीकधी गाणी राहतात आणि दुकानच जातं. गूगल प्ले म्युझिक २०२० मध्ये संपलं, विंक २०२४ मध्ये. याउलट फ्लिपकार्टचं 'फ्लाइट' आठवतंय का? २०१२ मध्ये सुरू झालं, जून २०१३ मध्ये बंद. तिथे गाणी भाड्यानं मिळायची नाहीत, एमपी३ विकत मिळायची. ज्यांनी ती उतरवून नीट ठेवली, त्यांच्याकडे ती आजही वाजतात.

अ‍ॅपमध्ये मी गाणी 'डाउनलोड' केलेली आहेत. ती माझीच ना?

नाहीत. ती कुलूपबंद असतात आणि किल्ली अ‍ॅपकडे असते. स्पॉटिफायमध्ये तीस दिवसांतून एकदा तरी इंटरनेटला जोडलं नाही, तर 'डाउनलोड' केलेलीही वाजत नाहीत.

मग आजच सबस्क्रिप्शन बंद करून टाकू?

अजिबात नको. सहा महिने दोन्ही चालू द्या. आधी तुमच्या याद्या बाहेर काढून ठेवा. बहुतेक अ‍ॅपमध्ये खात्याच्या सेटिंगमध्ये 'माझी माहिती मागवा' अशा अर्थाचा पर्याय असतो. काही दिवसांनी मेलवर फाइल येते. त्यात गाणी नसतात, फक्त नावं असतात. पण हीच खरेदीची यादी.

ती यादी कागदावर काढून वाचा. माझ्या यादीत दोन हजारांवर गाणी निघाली. पेन घेऊन बसलो, तर मनापासून हवी असलेली चारशेही भरली नाहीत. बाकीची मी कधीतरी रिक्षात बसल्याबसल्या हृदयावर टिचकी मारून ठेवली होती.

गाणी आणायची कुठून?

पहिली जागा म्हणजे तुमच्याच घरातला माळा. पंचवीस वर्षांपूर्वी घेतलेल्या सीडी, लग्नात मिळालेले संच, आणि त्या 'एमपी३ सीडी', एकेका तबकडीवर पन्नास-साठ गाणी असलेल्या. त्यांवरच्या फाइली फक्त कॉपी करायच्या, पुन्हा कशात बदलत बसायचं नाही. आवाज बऱ्याचदा बेताचा असतो, तो तसाच राहणार.

विकत घ्यायची असतील तर आयट्यून्स स्टोअर आहे. ते भारतात डिसेंबर २०१२ मध्ये आलं आणि तिथून घेतलेल्या गाण्यांना कुलूप नसतं. स्वतंत्र कलाकारांसाठी बँडकॅम्प उत्तम. तिथे फ्लॅकमध्ये (आवाजातलं काही न गाळता साठवणारा फाइलचा प्रकार) फाइल मिळते आणि डिजिटल विक्रीतला साधारण ८५ टक्के वाटा कलाकाराकडे जातो, पैसे पाठवण्याचा खर्च वजा करून. मराठी माणसं तिथे थोडी आहेत, पण आहेत.

सीडीची दुकानं मात्र गेली. मुंबईतल्या काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस २०१६ मध्ये बंद झालं, तेव्हा शेवटच्या आठवड्यांत लोक पिशव्या भरभरून घेऊन गेले. आता पुण्यात बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात नशीब काढायचं. तबकडी उजेडाकडे धरून बघा. टाचणीएवढी भोकं दिसली तर ठेवून द्या; ओरखडे चालतात, भोकं चालत नाहीत.

यूट्यूबवरून उतरवून घेतली तर?

तुम्हीच विचारताय म्हणजे उत्तर तुम्हाला माहीत आहे. त्यांच्या नियमांत ते बसत नाही. शिवाय फाइल लहान व्हावी म्हणून तिथला आवाज आधीच दाबलेला असतो. त्यावरून '३२० केबीपीएस' (सेकंदाला ३२० किलोबिट माहिती) अशी फाइल करून देणाऱ्या साइट फक्त आकार वाढवतात. पातळ ताकात पाणी घालून लोटा भरला म्हणून ताक वाढत नाही.

स्वतःच्या सीडीची कॉपी करणं कायद्यात बसतं का?

मी वकील नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये खासगी किंवा वैयक्तिक वापरासाठीच्या रास्त वापराला सूट आहे. विकत घेतलेली सीडी स्वतःच्या फोनवर ऐकणं त्यात येतं असंच सर्वसाधारणपणे मानलं जातं. वाटणं, विकणं, इंटरनेटवर चढवणं त्यात येत नाही.

'जुनी गाणी तर मोकळी झाली' असंही ऐकायला मिळतं. ते अर्धंच खरं. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. पण शब्द आणि चाल यांचे हक्क वेगळे आहेत आणि ते कवी-संगीतकाराच्या निधनानंतर ६० वर्षं टिकतात. त्यामुळे मुद्रण मोकळं झालं तरी गाणं मोकळं झालेलं नसतं.

लॅपटॉपला सीडी ड्राइव्हच नाही.

यूएसबीवर चालणारा बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह घ्या. विंडोजवर 'एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी', मॅकवर 'एक्सएलडी' वापरा. दोन्ही फुकट आहेत आणि दोन्ही तुमची कॉपी इतरांनी उतरवलेल्या त्याच सीडीशी ताडून बघतात. मराठी सीडी बऱ्याचदा त्या यादीत नसतात, तेव्हा 'सापडली नाही' असं आलं तर घाबरू नका.

एमपी३ ठेवू की फ्लॅक?

घरच्या हार्डडिस्कवर फ्लॅक, फोनवर काहीही. फ्लॅकमध्ये सीडीवरचा आवाज जसाच्या तसा राहतो आणि जागा सीडीच्या साधारण निम्मी लागते. पाच मिनिटांचं गाणं ३२० केबीपीएसच्या एमपी३ मध्ये १२ एमबी, फ्लॅकमध्ये अंदाजे ३० एमबी. एक पूर्ण सीडी ४०० एमबी धरली तरी एक टीबीच्या डिस्कवर अडीच हजार सीडी मावतात. तुमच्याकडे तेवढ्या नाहीत. माझ्याकडेही नाहीत.

सगळ्यात जास्त वेळ कशात जातो?

नावं लावण्यात, म्हणजे प्रत्येक फाइलच्या आत माहितीचे जे रकाने (टॅग) असतात ते भरण्यात. लोकांना वाटतं हे कॉम्प्युटरचं काम आहे. खरं तर ते ग्रंथपालाचं काम आहे.

सीडीवर बहुतेक वेळा गाण्यांची नावं नसतातच. सॉफ्टवेअर गाण्यांच्या लांबीवरून इंटरनेटवरच्या नोंदीत शोधतं. ती नोंद कुणीतरी अमेरिकेत बसून, रोमन लिपीत, आपल्या कानाला आलं तसं लिहिलेली असते. मग एकच गायक तुमच्या संग्रहात चार माणसं होऊन बसतो: भीमसेन जोशी, पं. भीमसेन जोशी, पंडित भीमसेन जोशी आणि 'जोशी, भीमसेन'. किशोरीताईंचं आडनाव रोमनमध्ये दोन तऱ्हांनी लिहिलेलं सर्रास दिसतं. उपाय एकच. एक रूप ठरवा, वहीत लिहा, आणि मोडू नका. मी पंडित, उस्ताद, ताई, बाबूजी या सगळ्या उपाध्या काढल्या. आदर मनात आहे, टॅगमध्ये नको.

टॅग भरायला 'एमपी३टॅग' किंवा 'म्युझिकब्रेन्झ पिकार्ड' वापरा. पिकार्डला मराठी नोंद सापडली नाही तर ती तुम्हीच म्युझिकब्रेन्झ या इंटरनेटवरच्या खुल्या नोंदवहीत भरा. पुढच्याचा एक रविवार वाचेल.

आता थोडं विषयांतर, पण माझ्या दृष्टीनं मुद्दा हाच आहे. आकाशवाणीवर गाणं लागायचं तेव्हा निवेदक तीन नावं सांगायचा: गीतकार, संगीतकार, गायक. आपण गाणी तशीच शिकलो. अ‍ॅपवर 'आर्टिस्ट' नावाच्या एकाच ओळीत सगळी नावं स्वल्पविराम देऊन कोंबलेली असतात, आणि कवी तर बऱ्याचदा शोधावाच लागतो. घरच्या संग्रहात संगीतकार आणि गीतकार यांच्या स्वतंत्र जागा असतात. त्या भरा. मग एखाद्या कवीची सगळी गाणी, चाल कुणाचीही आणि गळा कुणाचाही असो, एका टिचकीत समोर येतात. पहिल्यांदा हे दिसलं त्या रात्री मी दोन वाजता झोपलो.

टोपणनावांचं काय करायचं, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. लता मंगेशकरांनी 'आनंदघन' या नावानं संगीत दिलं. तबकडीवर 'आनंदघन' छापलंय, तर मी संगीतकाराच्या जागी तेच ठेवलं आणि खरं नाव टिपणात लिहिलं. छापलंय ते आधी, आपलं ज्ञान नंतर.

टॅग देवनागरीत लिहू की रोमनमध्ये?

टॅग देवनागरीत, फाइलचं नाव रोमनमध्ये. फोन आणि कॉम्प्युटर देवनागरी नीट दाखवतात. गाडीचा स्टिरिओ चौकोन दाखवतो, तिथे फाइलचं नाव कामी येतं. एमपी३ मधल्या अगदी जुन्या पद्धतीच्या टॅगला ३० अक्षरांची मर्यादा आहे आणि देवनागरी कळत नाही, म्हणून टॅगच्या सेटिंगमध्ये नवी पद्धत निवडा.

माझी गाणी १, १०, ११, २ अशा क्रमानं का लागतात?

कारण तुम्ही '१' लिहिलंत, '०१' नाही. गीतरामायणात ५६ गीतं आहेत. अशा क्रमानं लावलीत तर रामाचा जन्म व्हायच्या आधी सीतेचं स्वयंवर होऊन जातं.

त्याच उदाहरणात आणखी एक खाच आहे. पुणे आकाशवाणीवर १९५५-५६ साली ही गीतं वेगवेगळ्या गायक-गायिकांनी गायली, तर ध्वनिमुद्रिकांचा प्रसिद्ध संच सुधीर फडक्यांच्या आवाजात आहे. तुमच्याकडे दोन्ही असतील तर दोन वेगळे अल्बम करा. 'अल्बम आर्टिस्ट' ही जागा रिकामी राहिली, तर पहिल्या संचाचे प्रत्येक गायकामागे एक असे तुकडे होतील.

शास्त्रीय संगीताचं कसं लावायचं?

अल्बम, गाणं, गायक ही चौकट चित्रपटगीतांसाठी बरी. ख्यालाला ती तोकडी पडते. मी शीर्षकात राग आधी लिहितो, मग विलंबित की द्रुत, ताल आणि बंदिशीचे पहिले शब्द. साथीदार टिपणात. 'जॉनर'च्या जागी 'शास्त्रीय' एवढंच न लिहिता रागाचं नावही घाला, म्हणजे संध्याकाळी नुसते यमन काढून ऐकता येतात. प्लेअरमध्ये दोन ट्रॅकमध्ये खंड न पडू देणारी सोय चालू ठेवा. विलंबिताकडून द्रुताकडे जाताना अर्ध्या सेकंदाची शांतता आली की तबलजीनं हात काढून घेतल्यासारखं वाटतं.

कॅसेटी आहेत पेटीभर. त्यांचं काही होईल का?

होईल, आणि सीडीच्या आधी कॅसेटी घ्या. सीडी अजून थांबतील, फीत थांबत नाही. कोकणातल्या घरात ठेवलेल्या असतील तर बुरशी बघा. फितीवर पांढरट ठिपके असतील तर ती डेकमध्ये (कॅसेट वाजवायच्या यंत्रात) घालू नका, हेड (फितीवरचा आवाज वाचणारा भाग) खराब होईल आणि बुरशी पुढच्या कॅसेटला लागेल.

बाकीच्यांसाठी पद्धत अशी. कॅसेटच्या मागच्या बाजूचे दोन छोटे प्लास्टिकचे दात मोडा, म्हणजे चुकून त्यावर रेकॉर्डिंग होणार नाही. आतला स्पंजचा तुकडा जागेवर आहे का पाहा. तो पडला असेल तर आवाज दबका येतो. एकदा पूर्ण पुढे, पूर्ण मागे गुंडाळून घ्या. पेन्सिल चालते, तेवढी पिढी अजून आहे. हेड आणि रबरी चाक कापसावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा.

जुना चांगला डेक मिळवा, कुणाच्या तरी माळ्यावर असतोच. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त यूएसबी कॅसेट प्लेअरच्या नादी लागू नका. मी लागलो होतो, बाईच्या आवाजाला त्यानं खर्ज आणला. डेकच्या लाइन-आउटमधून तार कॉम्प्युटरच्या लाइन-इनला, आणि 'ऑडॅसिटी' या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्डिंग. सगळ्यात मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास राहू द्या. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटंच लागतात, घाई करता येत नाही. खरखर काढायचा मोह होईल. काढा, पण मूळ फाइल वेगळी जपून. जास्त पुसलं की गायक पाण्याखालून गातोय असं वाटतं.

दुकानातून घेतलेल्या कॅसेटी शेवटी ठेवा, त्या दुसऱ्या कुणाकडे तरी असतील. आधी घरी भरलेल्या घ्या: बारसं, आत्याचं गाणं, आजीच्या ओव्या. माझ्या आजीच्या ओव्यांच्या मध्ये कुकरच्या दोन शिट्ट्या आहेत. त्या मी काढल्या नाहीत.

फोनवर ऐकायचं कसं?

सगळ्यात साधं म्हणजे मेमरी कार्ड. पूर्वी मोबाइलच्या दुकानात कार्ड भरून मिळायचं, तसं आता स्वतः भरायचं. अँड्रॉइडवर 'म्युझिकोलेट' घ्या. जाहिरात नाही, इंटरनेट मागत नाही. निम्म्या लोकांचं काम इथेच संपतं.

सर्व्हर हवाच का?

सर्व्हर म्हणजे घरात कायम चालू राहून सगळ्यांच्या फोनला गाणी पुरवणारा कॉम्प्युटर. घरात एकाहून जास्त माणसं ऐकणारी असतील तर घ्या. 'नॅव्हिड्रोम' हे मोफत सॉफ्टवेअर हलकं आहे, रास्पबेरी पायवर (मेमरी कार्डावर चालणारा तळहाताएवढा कॉम्प्युटर) आरामात चालतं, आणि सबसॉनिक पद्धतीची (घरच्या सर्व्हरवरची गाणी फोनवर ऐकवणारी) कुठलीही अ‍ॅप त्याला जोडता येतात. प्रत्येकाचं खातं वेगळं, म्हणजे मुलाची गाणी बाबांच्या यादीत येत नाहीत. वीज किती, हे प्रत्येक जण विचारतो. पाच वॅट धरले तर महिनाभर अखंड चालवून साडेतीन-चार युनिट.

जिथे दिवे जातात तिथे एक काळजी घ्या. छोट्या कार्डवर चालणारी यंत्रणा अचानक वीज गेली की कार्ड बिघडवते. गाणी वेगळ्या डिस्कवर ठेवा आणि राउटरच्या जोडीनं या यंत्रणेलाही छोटा यूपीएस द्या.

मुलगी परदेशात आहे. तिला घरचा संग्रह ऐकता येईल का?

येईल. अडचण अशी की घरगुती ब्रॉडबँडमध्ये अनेकदा एकच सार्वजनिक पत्ता पुष्कळ घरांत वाटलेला असतो, त्यामुळे बाहेरून थेट तुमच्या घरी पोचता येत नाही. 'टेलस्केल' हे सॉफ्टवेअर दोन्हीकडे टाका. तुमचा सर्व्हर आणि तिचा फोन एकाच घरात असल्यासारखे बोलतात, आणि राउटरची दारं इंटरनेटला उघडी टाकावी लागत नाहीत. वैयक्तिक वापराला फुकट आहे. फ्लॅक तिथे पोचवायला जड जाईल; नॅव्हिड्रोम वाटेतच लहान करून पाठवतो, ते सेटिंग चालू करा.

आई-बाबांना हे जमेल?

अ‍ॅप जमेल, पण त्यांना नको असेल. पेनड्राइव्ह भरा आणि स्पीकरला लावून द्या. घरात कारवां (सारेगामाचा जुन्या गाण्यांचा रेडिओसारखा प्लेअर) असेल तर त्यालाही यूएसबीची जागा आहे. फोल्डर मोजके ठेवा: सकाळ, दुपार, अभंग. आमच्याकडे चौथा फोल्डर 'आईचे' नावाचा आहे, तो बाबा लावत नाहीत.

गाडीत चालत नाही.

पेनड्राइव्ह एफएटी३२ या पद्धतीनं फॉरमॅट करा आणि गाणी एमपी३ करा. नव्वद टक्के तक्रारी इथेच मिटतात.

नवीन गाणी कशी कळणार?

अ‍ॅपची फुकटची आवृत्ती, रेडिओ, मित्र. नवीन शोधायला मी अजूनही अ‍ॅप उघडतो, त्यात लाज नाही. आवडलं की विकत घेतो, नाही आवडलं की विसरतो.

हार्डडिस्क बिघडली तर?

'तर' नाही, 'तेव्हा'. माझी बिघडली, कॅसेटी उतरवायला घेतल्यानंतर चौथ्या महिन्यात. दुसरी प्रत होती, पण सहा आठवडे जुनी. मधल्या अकरा कॅसेटी पुन्हा वाजवाव्या लागल्या आणि त्यातल्या एकीची फीत दुसऱ्या खेपेला तुटली.

तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या साधनांवर, आणि एक घराबाहेर. घराबाहेर म्हणजे क्लाउडच पाहिजे असं नाही, बहिणीच्या कपाटातली डिस्कही चालते. दिवाळीला आणि गणपतीला गेलात की बदलून आणा. एकाच पेटीत दोन डिस्क लावून 'एक गेली तरी दुसरी आहे' म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं: चुकून पुसलेलं गाणं दोन्हीकडून एकदमच पुसलं जातं.

शेजारचे काका पेनड्राइव्ह घेऊन आलेत. भरून देऊ का?

वर कायद्याचं लिहिलंय ते वाचा, काकांना दाखवू नका. मी त्यांना सांगतो, पेनड्राइव्ह राहू द्या, तुम्हीच या. रविवारी सकाळी येतात, चहा घेतात, फर्माईश करतात. मागच्या वेळी त्यांनी सांगितलेलं एक नाट्यगीत माझ्याकडे नव्हतं. पुढच्या रविवारी तेच त्याची कॅसेट घेऊन आले. मागचे दात आधीच मोडलेले होते.